मुलांसाठी विनोद लिहायला कसे शिकावे?

आपण मुलांसाठी विनोदी गोष्टी लिहिता, त्या वाचून मोठी माणसे हसतात आणि मुले मात्र शांतपणे ऐकून घेतात, असे आपण कळवले आहे. असे का होते, विनोद लिहिणे शिकून येते की ते अंगातच असावे लागते, आणि गोष्ट जमली हे लिहिणाऱ्याने कशावरून ओळखावे, हे आपले तीन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षे मुलांसाठी लिहीत आलो आहे आणि इतरांच्या संहितांवर संपादक म्हणूनही काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की दुसरा प्रश्न फारसा उरत नाही.

मोठ्यांच्या विनोदाचा बराचसा भार त्यांनी आयुष्यात गोळा केलेल्या माहितीवर असतो. कार्यालयातला साहेब, कर्जाचा हप्ता, वजन कमी करण्याचे संकल्प यांपैकी कशाचाही नुसता उल्लेख झाला तरी मोठा वाचक हसण्याच्या तयारीत असतो. मुलाकडे हा साठा नसतो. एखादी गोष्ट कशी असायला हवी हे त्याला ठाऊकच नसेल, तर ती उलटी झाली तरी त्याला उलटी वाटत नाही. त्याच्या लेखी ती आणखी एक नवी माहिती असते, आणि नवी माहिती मूल गंभीरपणेच ऐकते. आपले श्रोते गप्प बसतात ते कंटाळून नव्हे, तर बहुधा आपण सांगितलेले खरे मानून ते समजून घेत असतात म्हणून.

रशियन बालकवी कोर्नेय चुकोव्हस्की यांनी ‘दोन ते पाच’ या पुस्तकात याविषयी फार नेमके निरीक्षण नोंदवले आहे. त्यांची मुलगी अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा एके दिवशी तिने कुत्रा म्याव करतो असे जाहीर केले आणि ती हसू लागली. कोणता प्राणी कसा ओरडतो ही व्यवस्था तिला नुकतीच पक्की समजली होती, म्हणूनच ती उलटून पाहण्याची हौस तिला आली. उलटापालटीची मजा ही ज्ञान पक्के झाल्याची मजा असते, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. ज्या मुलाला अजून खात्री नाही ते अशा वाक्याने हसत नाही, गोंधळते. बालविनोद शिकू पाहणाऱ्याने माझ्या मते हे एवढे एक सूत्र आधी पचवावे: मुलाला जो नियम पूर्ण ठाऊक आहे तोच मोडावा, आणि ठाऊक नसेल तर गोष्टीतच तो आधी स्थापन करावा.

कोणत्या वयात कोणते नियम मुलाच्या मालकीचे झालेले असतात, याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मॅकगी यांनी १९७९ साली मांडलेले टप्पे उपयोगी पडतात. दीड वर्षाच्या सुमारास मूल वस्तूच्या चुकीच्या वापराला हसते; बूट कानाला लावून फोनवर बोलणे त्याला पुरते. दोन वर्षांच्या आसपास वस्तूंना चुकीची नावे देणे गमतीचे होते. तीन वर्षांनंतर कल्पनेतली विसंगती, म्हणजे सायकल चालवणारी गाय किंवा दोन डोकी असलेला मासा, हसू आणू लागते. शब्दाच्या दुहेरी अर्थावरचा विनोद मात्र साधारण सातव्या वर्षापासून खऱ्या अर्थाने उमगतो. हे टप्पे काटेकोर नाहीत, प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे सरकते. तरीही चार वर्षांच्या मुलांच्या गोष्टीत ज्याने कोटीवर कोटी केली आहे, अशी संहिता हाती आली की ती मोठ्यांकडे पाहत लिहिली गेली आहे हे लगेच कळते. लहान मूल कोटीला हसते तेव्हाही ते पुष्कळदा वाचणारा हसला म्हणून हसते.

आता हे कागदावर कसे उतरते ते एका लहान उदाहरणात पाहू. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लपाछपीची गोष्ट लिहायची आहे आणि एक उंट बारीक खांबामागे लपला आहे, एवढी कल्पना आपल्याकडे आहे असे समजा. नवा लेखक बहुतेक वेळा असे लिहितो: “वेडपट उंट एका बारीक खांबामागे जाऊन लपला. त्याची मान, कुबड आणि शेपटी सगळं बाहेर दिसत होतं! ते पाहून सगळे प्राणी खो खो हसू लागले.” यात चूक काही नाही, पण मुलाला करण्यासारखे काही उरलेलेही नाही. उंट वेडपट आहे हे लेखकाने ठरवले, काय दिसते ते लेखकाने सांगितले, आणि हसण्याचे कामसुद्धा इतर प्राण्यांनी उरकून टाकले. त्याऐवजी असे लिहून पाहावे:

“उंट खांबामागे लपला. आता तो कुणालाही दिसणं शक्यच नव्हतं.

कोंबडी आली. म्हणाली, ‘उंटदादा, तुझी शेपटी बाहेर राहिली आहे.’

‘ती माझी नाही,’ उंट म्हणाला.

‘मग कुणाची?’

‘खांबाची.’

कोंबडीने खांबाकडे नीट पाहिलं. ‘छान आहे हो तुमची शेपटी,’ ती खांबाला म्हणाली.

‘धन्यवाद,’ खांब म्हणाला.”

या आवृत्तीत उंट कुठेही गंमत करत नाही. त्याच्या दृष्टीने तो एका अडचणीतून वाट काढतो आहे आणि दिलेले प्रत्येक उत्तर त्याच्या आधीच्या उत्तराला धरून आहे. लपलेल्या माणसाने आपण इथे आहोत हे कबूल करायचे नसते, हा नियम मुलाला पक्का ठाऊक आहे. उंट तो नियम मोडत नाही, उलट नको तितक्या निष्ठेने पाळतो. शेवटच्या ओळीत निवेदकही कोंबडीच्या बाजूला जाऊन बसतो आणि ‘खांब म्हणाला’ असे सरळ चेहऱ्याने लिहून टाकतो. ही ओळ मोठ्याने वाचली की ऐकणारी मुले “खांब नाही, उंट म्हणाला!” असे ओरडतात. खोलीतल्या सगळ्यांत खरी गोष्ट फक्त आपल्याला कळली आहे, ही जाणीव ज्याला दिवसभर दुसऱ्यांच्या सूचना ऐकाव्या लागतात अशा जिवाला फार सुखाची असते. मुलाला पात्रापेक्षा, आणि जमले तर निवेदकापेक्षाही, थोडे जास्त कळू द्यावे, हा बालविनोदातला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे असे मला वाटते.

शेपटीबद्दल कोंबडी बोलते, पण मान आणि कुबडही बाहेर दिसते हे दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेलेच नाही, हेही लक्षात घ्यावे. ते काम चित्राचे आहे. शब्द म्हणतात की उंट दिसत नाही आणि चित्र म्हणते की उंटच उंट दिसतो. या दोहोंच्या भांडणात विनोद तयार होतो. म्हणून चित्रपुस्तकाची संहिता लिहिताना जे चित्रात दिसणार आहे ते मजकुरातून काढून टाकण्याची सवय लावावी, आणि चित्र मजकुराच्या विरोधात असायला हवे असेल तिथे चित्रकारासाठी कंसात एका ओळीची सूचना द्यावी. उंटाच्या गळ्यात कोणत्या रंगाचा मफलर असावा हे मात्र चित्रकारावर सोडावे. चांगला चित्रकार आपल्याला न सुचलेले दोन विनोद फुकट देऊन जातो.

पात्राच्या गांभीर्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तर्काची शिस्त. विनोदी म्हणजे काहीही घडू शकते, असा एक समज आहे आणि त्याने पुष्कळ संहिता वाया जातात. उंट लपला, मग आकाशातून हत्ती पडला, मग नदी उलटी वाहू लागली, असे लिहीत गेले की दुसऱ्या पानापासून मुलाची अपेक्षाच नाहीशी होते, आणि अपेक्षा नसेल तर अपेक्षाभंगही नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९० साली हसण्याचे वर्णन करताना ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरघळते असे म्हटले होते. आपल्या कामापुरता त्यातला ‘ताणलेली’ हा शब्द महत्त्वाचा. एका गोष्टीत एकच अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि नंतर तिचे सगळे परिणाम प्रामाणिकपणे हिशेब करून मांडावेत. खांब बोलू शकतो असे एकदा ठरले, तर खांबाला पाहुणे येतील, खांबाची विचारपूस होईल, खांबाला सर्दी झाली म्हणून उंटाला शिंक येईल. ही शिंक वाचकाला अनपेक्षित असते, तरी ती आधीच्या गोष्टीतूनच आलेली असते.

पुनरावृत्तीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मोठ्यांसाठी लिहिणारे लेखक इथे हात आखडता घेतात. एकदा घडलेली गोष्ट ही घटना असते, दुसऱ्यांदा घडली की तिचा नियम होतो आणि तिसऱ्यांदा तो नियम मोडता येतो. तीनचा आकडा लोककथांत इतका दिसतो त्यामागे हेच साधे कारण असावे. मुलांसाठी हा हिशेब आणखी पुढे नेता येतो. चौथ्या वेळी पुन्हा जुनाच नियम पाळला तरी मुले हसतात, कारण आता ते वाक्य त्यांचे झालेले असते आणि वाचणाऱ्याच्या आधी ते म्हणण्याची घाई त्यांना झालेली असते. शिवाय मुलांचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले जाते. ज्या विनोदाची सगळी ताकद धक्क्यात आहे तो दुसऱ्या वाचनात संपतो. ज्यात काय होणार हे माहीत असूनही ते होताना पाहण्याची मजा आहे, तो विनोद पुस्तक फाटेपर्यंत टिकतो. ‘धन्यवाद, खांब म्हणाला’ ही ओळ माहीत असलेले मूल ती येण्याआधी दोन ओळींपासूनच हसायला लागते.

चित्रपुस्तकात या पुनरावृत्तीचे खरे नियंत्रण पान उलटण्याकडे असते. मोठा कागद छापून त्याची घडी घातली की पाने आठाच्या पटीत मिळतात, म्हणून ही पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, आणि त्यातली सुरुवातीची काही पाने शीर्षक व प्रकाशनाच्या तपशिलात जातात. उरलेल्या पानांची कोरी प्रत कागद दुमडून घरीच तयार करावी आणि तिच्यावर मजकूर हाताने लिहावा. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी आणि उत्तर पान उलटल्यावर डावीकडे, अशी योजना असली की मुलाला अंदाज बांधायला एक क्षण मिळतो. ‘मग कुणाची?’ आणि ‘खांबाची’ ही दोन वाक्ये समोरासमोरच्या पानांवर आली तर डोळा उत्तर आधीच पाहून घेतो. संगणकावर सलग लिहिलेल्या मजकुरात ही गडबड दिसत नाही.

भाषेकडे वळू. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि त्यामुळे गमतीचा शब्द पुष्कळदा मध्येच अडकून पडतो. “पेटीत एक घोरणारी म्हैस झोपलेली होती” या वाक्यात म्हैस दिसल्यावरही वाचकाला दोन शब्द ओढत न्यावे लागतात. “त्याने पेटी उघडली. आत होती एक म्हैस. घोरणारी.” असे केले की हसण्याच्या जागेनंतर शांतता मिळते. हा उलटा क्रम बोलण्यात आपण सहज वापरतो, लिहितानाच का बिचकतो कोण जाणे; मात्र प्रत्येक वाक्य असे फिरवले तर ती लकब होऊन बसते, म्हणून तो राखून वापरावा. धपकन, फुस्स, गुडुप यांसारखे नादाचे शब्द हे मराठीचे मोठे वैभव आहे, पण एका पानावर एकच पुरतो, आणि पाच उद्गारचिन्हे लावून कोणताही शब्द अधिक विनोदी होत नाही. गमतीदार नावांबद्दलही हेच: ढब्बूराव किंवा टुणटुणसिंह ही नावे पहिल्यांदा हसवतात, तिसऱ्या पानावर ती नुसती नावे उरतात. साधी बकरी अत्यंत तोऱ्यात स्वतःला ‘आम्ही’ म्हणू लागली तर तिचा विनोद शेवटपर्यंत पुरतो.

लहान मुलांची शब्दसंपत्ती कमी असल्याची अडचण काहीजण सांगतात. अमेरिकी बाललेखक डॉ. सूस यांचे १९५७ सालचे ‘द कॅट इन द हॅट’ हे मांजराचे प्रसिद्ध पुस्तक केवळ २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे, आणि पहिल्यांदाच वाचू लागलेल्या मुलांना ते झेपावे म्हणून हे बंधन जाणूनबुजून पाळलेले होते. विनोदाचा भार शब्दांच्या संख्येवर नसून त्यांच्या क्रमावर असतो, याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

कोणाला हसायचे हा प्रश्न टाळता येत नाही. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० साली असे मांडले की एखादी गोष्ट नियम मोडणारी आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली तरच हसू येते. मुलांच्या बाबतीत यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच काळजीने लिहावा लागतो. धपकन पडलेला राजा लगेच उठून मुकुट झटकतो तोवर मूल हसते. तो उठला नाही तर ते घाबरते. जाडेपणा, काळा रंग, तोतरेपणा, गरिबी यांवरचा विनोद मी संहितेतून काढायला सांगतो, आणि त्यामागे केवळ शिष्टाचार नसतो. ऐकणाऱ्या घोळक्यात तसे एक मूल असतेच, त्याच्यासाठी ती गोष्ट निरुपद्रवी नसते, आणि बाकीची मुले पुस्तक मिटल्यावर तो विनोद मैदानावर घेऊन जातात. याउलट तोरा, बढाई, हट्ट, विसराळूपणा आणि ‘मला सगळे माहीत आहे’ ही वृत्ती यांवर कितीही हसावे. हे दोष आपण होऊन अंगी आणलेले असतात आणि मोठ्या माणसांत ते विपुल आढळतात, म्हणूनच मुलांना ते विशेष आवडतात.

शी-शू आणि पादण्याच्या विनोदाबद्दल नेहमी विचारले जाते. ते चालतात, नेहमीच चालतील, आणि नाक मुरडण्यात अर्थ नाही. माझी हरकत एवढीच असते की बहुतेक लेखक तो आवाज काढून थांबतात. आवाज झाल्यावर दरबारातला प्रत्येकजण किती सभ्यपणे दुसरीकडे पाहू लागला, इथे खरी गोष्ट सुरू होते.

सात-आठ वर्षांच्या पुढच्या वाचकांसाठी एक समृद्ध खाण आहे आणि ती पुरेशी खणली जात नाही: लेखनाचे ठराविक साचे. या वयातली मुले पत्र, अर्ज, सूचना, निबंध लिहायला नुकतीच शिकलेली असतात, त्यामुळे त्या साच्यांचे नियम त्यांना अगदी ताजे ठाऊक असतात. “विषय : दातदुखीमुळे रजा मिळण्याबाबत. महोदय, मी नदीतील मगर असून माझा एक दात दुखत आहे. तो कोणता हे पाहण्यासाठी मी दात मोजत आहे. मोजताना मध्येच कुणी हाक मारल्यास पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. तरी मोजणी पूर्ण होईपर्यंत रजा मिळावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक, मगर.” इथे एकही गमतीदार शब्द नाही. अर्जाची भाषा जितकी कोरडी ठेवाल तितकी मगर खुलते. याच वयात भोळा किंवा थापाड्या निवेदकही वापरता येतो, कारण सांगणारा खोटे बोलत असू शकतो हे आता मुलांच्या ध्यानात आलेले असते.

एका सवयीविरुद्ध मात्र मी जरा कडकपणे बोलतो, ती म्हणजे शेवटी तात्पर्य जोडणे. अख्खी गोष्ट उंटाच्या थापांवर हसवल्यानंतर “म्हणून मुलांनो, खोटे बोलू नये” असे लिहिले की आतापर्यंत लेखकाच्या बरोबरीने हसणारे मूल एकाएकी आरोपीच्या जागी उभे राहते. पुढच्या वेळी त्याच लेखकाचे पुस्तक उघडताना ते सावध असते, आणि सावध मूल हसत नाही. पालकांना आणि शिक्षकांना तात्पर्य हवे असते, प्रकाशकही कधी कधी ते मागतात, हे मला मान्य आहे. अशा वेळी ते मागच्या मुखपृष्ठावरच्या मजकुरात, मोठ्यांसाठी लिहून द्यावे. गोष्ट आपल्या शेवटच्या विनोदावर संपू द्यावी.

आता उपजत देणगीचा प्रश्न. काही माणसांना नेमका शब्द चटकन सुचतो हे खरे, पण वर सांगितलेले जवळजवळ सगळे रचनेचे काम आहे आणि रचना सरावाने येते. सरावासाठी मी लेखकांना एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: रोज एक खोटा नियम घ्यावा, उदाहरणार्थ या घरात सगळ्या वस्तूंना परवानगी विचारावी लागते, आणि त्याचे दहा परिणाम लिहावेत. पहिले तीन-चार कुणालाही सुचतील असे असतात, ते खोडावेत. खुर्ची बसू द्यायला नकार देते हे त्यांतलेच. उशिरा सुचलेल्या परिणामांत, जसे की दाराची परवानगी घेण्यासाठी दार वाजवावे लागते आणि दाराला ते वाजवणेच आवडत नाही, कुठेतरी गोष्ट दडलेली सापडते. याच्या जोडीला मुलांचे आपापसातले बोलणे ऐकावे, पण त्यांचे बोबडे शब्द उचलण्यासाठी नव्हे. मुले वाद घालताना कोणते तर्क लढवतात ते टिपण्यासाठी.

गोष्ट जमली का, हे तपासताना आपल्या घरच्या मुलांवर फार विसंबू नये, कारण त्यांना आपल्याला खूश करायचे असते. आपण स्वतः वाचून दाखवणेही फसवे असते. आवाज, हातवारे आणि थांबे यांनी आपण मजकुरातली भोके नकळत बुजवतो. ज्याने ती गोष्ट आधी पाहिलेली नाही अशा एखाद्या साध्या वाचणाऱ्या माणसाला ती अनोळखी मुलांपुढे वाचायला सांगावी आणि आपण मागे बसून प्रतीच्या समासात खुणा कराव्यात: कुठे हसू आले, कुठे मुलांनी मध्येच तोंड घातले, कुठे नजर पानावरून उठली. नंतर “आवडली का?” असे विचारू नये, मुले सभ्यपणे होच म्हणतात. त्याऐवजी “उंट काय म्हणाला?” असे विचारावे. मुलांनी संवाद जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवले, किंवा त्यांत स्वतःची एखादी नवी थाप घातली, तर मजकुराला आणखी हात लावू नये. त्यांनी घातलेली थाप आपल्या ओळीपेक्षा सरस असेल, तर मात्र आपली ओळ खोडून तिच्या धर्तीवर नवी लिहावी आणि चित्रकाराकडे प्रत पाठवून द्यावी.